एकट्याचा वेग

नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता रेंडर लावू नये, म्हणजे एडिट केलेल्या लग्नाच्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला पीसीला बसवू नये. हे मला कळतं, तरी दरवर्षी लावतो. लग्न अक्षय्य तृतीयेला होऊन गेलेलं असतं, नवरीच्या काकांचे रोज दोन फोन येतात आणि ‘उद्या नक्की’ हे माझं वाक्य तीनदा वापरून झिजलेलं असतं. मग खिडकीतल्या कूलरच्या ताट्यांवर बादलीभर पाणी मारायचं, पंप चालू आहे ना ते बघायचं आणि एक्सपोर्टचं बटण दाबून मोकळं व्हायचं.

खोलीत कूलर दोन आहेत. एक खिडकीत, माझ्यासाठी. दुसरा कॅबिनेटच्या आत, तळहाताएवढा, प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला. खिडकीतला निदान पाणी पितो, त्यामुळे बाहेर पंचेचाळीस असले तरी आत जरा बरी हवा सोडतो. आतल्याला ती सोय नाही. खोलीत जी हवा असेल तीच त्याच्या वाट्याची, तिच्यापेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही.

एक्सपोर्ट सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात मी एक छोटी खिडकी उघडून ठेवतो. तिच्यात सहा ओळी, प्रत्येक ओळीत प्रोसेसरच्या एका कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे राबणाऱ्या एका भागाचा, वेग. सुरुवातीला सगळीकडे ४.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४.३ अब्ज टोले. अर्धा मिनिट होतो न होतो तोच आकडे उतरू लागतात. ४.१, ३.९, मग ३.७च्या आसपास कुठेतरी स्थिरावतात. दुपार फारच वाईट असली आणि जाळीत धूळ साचलेली असली, तर आणखी खाली. हे आकडे बघत बसायची मला सवय लागली आहे. बायको म्हणते, “पेशंटच्या उशाशी बसल्यासारखे बसता.”

हा पीसी मी २०१८ साली दिवाळीच्या आधी असेम्बल करून घेतला. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-७ ८७००, सहा कोअरचा. खोक्यावर दोन वेग छापलेले होते. आधी ३.२० गिगाहर्ट्झ आणि त्याच्यापुढे ‘अप टू’ लावून ४.६०. मी अर्थातच पुढचा वाचला. लग्नाच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही हे मला सुचलं नाही, याची आता गंमत वाटते. स्थळाच्या बायोडेटात पगाराच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘इन्सेंटिव्हसह’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मुलीच्या बापाला बरोबर कळतो, मला मात्र ‘अप टू’चा कळला नव्हता.

पहिल्याच मोठ्या एक्सपोर्टला ४.६ कुठेच दिसेना. जास्तीत जास्त ४.३, तेही अर्धा मिनिट. मी सीताबर्डीला दुकानात गेलो. दुकानदारानं माझं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची रॅम बसवता बसवता, मान वर न करता म्हणाला, “भाऊ, तो एकट्याचा स्पीड आहे. सहाही जण एकदम पळतीन, तर थोडीच राहते तो?”

मला ती दुकानदारी वाटली. पावती खिशात घालून, मनात चार शिव्या देऊन परत आलो. ते उत्तर शब्दश: बरोबर होतं, हे पटायला मला दोनेक वर्षं लागली.

आमच्या प्रोसेसरमध्ये वेगाचं एक कोष्टकच कोरलेलं आहे. एकच कोअर जागा असेल तर ४.६. दोन जागे असतील तर ४.५. चार किंवा त्याहून जास्त असतील तर ४.३. कोअरचा असा स्वत:चा वेग नसतो, किती भावंडं जागी आहेत त्यावर तो ठरतो. हे कोष्टक पूर्वी इंटेल जाहीर करत असे. २०१७च्या ऑक्टोबरात, नेमकी माझ्या प्रोसेसरची पिढी बाजारात आणताना, कंपनीनं ते देणं थांबवलं. यापुढे मूळ वेग आणि एका कोअरचा कमाल वेग एवढंच सांगू म्हणाली. ज्या दोन वेगांना माझं यंत्र क्वचितच चालतं तेवढेच दोन मला सांगितले, आणि ज्या वेगानं ते दिवसभर राबतं तो मी स्वत: शोधून काढायचा. मला हे आजही गैर वाटतं. चाचणी करणाऱ्यांनी ती कोष्टकं पुढे शोधून छापली, हा भाग वेगळा.

पण मुळात असं करावं लागलं का? यामागची गोष्ट २००४ सालची आहे. तोवर प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढणार, यात कुणाला शंका नव्हती. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम-४ आणणार म्हणून सांगून ठेवलं होतं. तो रद्द करावा लागला. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत एका परिषदेत कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी मंचावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली. विनोदानंच, पण मागितली. अडलं होतं उष्णतेपाशी. तोवर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला उघडझाप करणारा सूक्ष्म खटका, लहान झाला की त्याला लागणारं व्होल्टेजही उतरायचं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगानं चालवले तरी चटका वाढत नसे. हे गणित आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलं होतं आणि तीस वर्षं ते चाललं. मग व्होल्टेज उतरायचं थांबलं. एका कोअरला आणखी पळवता येईना, म्हणून २००५ पासून एकाच चिपवर दोन कोअर आले, नंतर चार, नंतर सहा.

आता उष्णता वाटून घ्यायची आली. चार कोअरची चिप घ्या. चारही एकदम जुंपले तरी ती जळू नये, इतका बेताचा वेग सगळ्यांना बांधून द्यायचा. पण रोजच्या वापरात बहुतेक वेळ एकच कोअर काम करतो आणि तिघं झोपलेले असतात. त्या तिघांच्या वाट्याची वीज जागा असलेल्याला का देऊ नये? नोव्हेंबर २००८ मध्ये पहिला कोअर आय-७ आला, तो हे करत होता. त्यातला आय-७ ९२० मूळ २.६६ गिगाहर्ट्झचा, मोकळीक मिळाली की २.९३ पर्यंत जाई. आज हसू येईल इतकी ती वाढ. हा हिशेब ठेवायला चिपच्या आत एक वेगळा कारकून बसवलेला होता. कोण जागा आहे, कोण झोपला, किती वीज चालली, किती तापलं, एवढंच बघायचं. त्या कारकुनात दहा लाखांहून जास्त ट्रान्झिस्टर होते, म्हणजे साधारण जुन्या काळच्या एका अख्ख्या ४८६ प्रोसेसरइतके. आमच्या कॉम्प्युटर क्लासला ४८६ला हात लावण्याआधी चपला बाहेर काढाव्या लागत. त्याची ही बदली, वीजमोजणी खात्यात.

घरातल्या वायरमनला मी हे सगळं एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, हे तर मंजूर भारासारखं झालं. बरोबर आहे. आमच्या घराचा मंजूर भार ५ किलोवॅट. गीझर, एसी, इस्त्री आणि पाण्याची मोटर एकेक करून चालतील, पण एकदम लावली तर एमसीबी पडणार. घरात आपण ओरडून सांगतो, “गीझर बंद झाला का गं, मोटर लावतो.” प्रोसेसरमध्ये ओरडायला तो कारकून आहे. फरक इतकाच, की तो कुणाला बंद करत नाही. सगळ्यांना थोडं थोडं मंद करतो.

थोडंच मंद करून का भागतं, हे समजायला एक सूत्र लागतं, आणि या लेखात एवढं एकच आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज ही वेगाच्या पटीत वाढते आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. म्हणजे वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. उत्तर १.३३१. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज. हेच उलट वाचा. थोडा वेग सोडला, तर खूप वीज वाचते. सहाही जणांनी तीन-तीन दशांश सोडले की त्यातून जी वीज सुटते तिच्यावर आणखी एक-दोघांचं पोट भरतं. शेवटचे दोन-तीन दशांश हे सगळ्यात महागडे असतात, आणि खोक्यावर छापलेले असतात तेच.

ती वीज जाते कुठे? उष्णतेत, सगळीच्या सगळी. माझ्या प्रोसेसरचा सिलिकॉनचा तुकडा साधारण १५० चौरस मिलिमीटरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यातून ६५ वॅट निघतात. स्वयंपाकघरातली २००० वॅटची इलेक्ट्रिक शेगडी, २० सेंटिमीटर व्यासाची, हिचा हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरला सहा-साडेसहा वॅट पडतात. नखावर पडतात त्रेचाळीस. म्हणजे दूध उतू घालवणाऱ्या शेगडीच्या जवळजवळ सातपट दाट चटका, आणि त्यावर आम्ही तळहाताएवढा पंखा बसवून म्हणतो, हं, आता लग्न मिक्स कर. (आमच्याकडे व्हिडिओ एडिटिंगला जुने लोक अजून मिक्सिंगच म्हणतात.)

पण माझा प्रश्न तरी उरतच होता. कोष्टकाप्रमाणे सहा कोअरना ४.३ मिळायला हवेत. मिळतातही, पण अर्धाच मिनिट. मग ३.७ का?

हे मला पुण्याहून आलेल्या भाच्यानं समजावलं. तो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मामाच्या घरी आला की आधी पीसीचं कॅबिनेट उघडतो, मग पाणी पितो. त्यानं बायॉसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगच्या पानावर, जाऊन तीन आकडे दाखवले. पहिला ६५ वॅट, दुसरा त्याहून मोठा, ८१च्या आसपास, आणि तिसरा २८ सेकंद. “मामा, तुमच्या आजोळच्या घरी रांजण होता ना?”

होता. न्हाणीघराच्या दाराशी. नळाची धार बारीक, दिवसभर रांजणात पडत राहायची. रांजण भरलेला असला की पहिले आंघोळ करणारे तांब्यावर तांब्या ओतून घ्यायचे, धारेचा काही संबंधच नसायचा. रांजण तळाला गेला की मग मात्र धारेला जितकं येईल तितकंच. शेवटी आंघोळीला जाणारा नेहमी मी असायचो, त्यामुळे हे उदाहरण लगेच पोचलं.

नळाची धार म्हणजे ६५ वॅट. कायमची, निर्धास्त. तांब्यांचा वेग म्हणजे दुसरा आकडा. थोडा वेळ तेवढी वीज घेतली तरी चालते, कारण प्रोसेसर क्षणाचा हिशेब बघत नाही, गेल्या काही सेकंदांची चालती सरासरी बघतो. यंत्र बराच वेळ निवांत होतं, म्हणजे सरासरी खाली आहे, रांजण भरलेला आहे. एक्सपोर्ट सुरू झाला की सगळे ४.३ला पळतात, सरासरी चढत जाते, ती ६५ला टेकली की संपलं. आता धारेवर जगायचं. धारेत सहा जणांना जितका वेग परवडतो तो, माझ्या कामात, ३.७. २८ सेकंद हा त्या सरासरीचा पल्ला. माझ्या बोर्डात इतका आहे, दुसऱ्या बोर्डात वेगळा असेल. हे आकडे शेवटी मदरबोर्ड बनवणारे ठरवतात. काही महागडे बोर्ड तर मर्यादा इतकी वर नेऊन ठेवतात की रांजण आटतच नाही. त्यामुळे एकच प्रोसेसर दोन बोर्डांवर दोन वेगांनी चालतो आणि गिऱ्हाईक प्रोसेसरला नावं ठेवतं.

मग मी सगळ्याच कामांकडे या नजरेनं बघू लागलो. अंधारातल्या वरातीचं शूटिंग स्वच्छ करायचं, ती दाणेदार घाण काढायची, हे सगळ्यात जड. (ग्राफिक कार्डावर का टाकत नाही, असं विचारणाऱ्यांना: टाकतो. पण माझं आवडतं प्लगइन हट्टानं प्रोसेसरवरच चालतं.) तेव्हा ३.७. त्याच सहा कोअरवर फोटोंच्या फोल्डराची झिप करायला लावली तर ४.१. दोन्ही वेळा टास्क मॅनेजर म्हणतो शंभर टक्के. पण शंभर टक्के कामातही जडहलकं असतं. व्हिडिओच्या कामात एका सूचनेसरशी आठ-आठ आकडे एकदम हाताळणारी रुंद यंत्रणा चालते. तिच्यात एका टोल्यात कितीतरी जास्त ट्रान्झिस्टर उघडझाप करतात, तितकी जास्त वीज. धार तीच, तहान मोठी.

एवढं कळल्यावर तक्रार मिटायला हवी होती. पण एक हट्ट उरला. निदान एकदा तरी ४.६ डोळ्यांनी बघायचे.

सगळं बंद केलं. ब्राउझर, व्हॉट्सॲप, म्युझिक, सगळं. एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लावला आणि आकड्यांची खिडकी उघडून बसलो. ४.३, ४.५, ४.४, पुन्हा ४.३. ४.६ नाहीच. भाच्याला फोन केला तर तो हसायला लागला. “मामा, तुम्ही बघताय ना, म्हणून.”

विनोद नव्हता तो. कोष्टकातला ‘एकटा’ म्हणजे बाकीचे पाच जण नुसते रिकामे नव्हेत, गाढ झोपलेले हवेत. प्रोसेसरमध्ये झोपेच्या पायऱ्या असतात. वरवरच्या झोपेत असलेला कोअर जागाच धरला जातो. अगदी खालच्या पायरीला, जिथे त्याची वीजच तोडली जाते, तिथे गेला तरच तो हिशेबातून बाद होतो. आणि विंडोज त्यांना सुखानं झोपू देत नाही. घड्याळ आहे, अँटिव्हायरस आहे, अपडेट आलंय का बघणारा कोणीतरी आहे, माऊस हलला तरी कोणाला तरी उठावं लागतं. त्यात माझा तो आकडे दाखवणारा प्रोग्रॅम. तो दर दोन सेकंदांनी सहाही जणांना उठवून विचारतो, किती वेगानं झोपला आहेस?

शिवाय कोअरचा वेग सेकंदात शेकडो वेळा बदलू शकतो आणि मी बघणार दोन सेकंदांतून एकदा. ट्रेनमधून जाताना स्टेशनाचं नाव वाचायला मिळावं तसं, दिसलं तर दिसलं. म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये नंतर ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ नावाच्या ओळी आल्या. त्या, मधल्या वेळात कोअरनं प्रत्यक्ष किती टोले दिले ते मोजून सरासरी काढतात. तिथे मजा कळते. वरच्या ओळीत जो कोअर छातीठोकपणे ४.३ सांगतोय, त्याची खालची ओळ ०.०५. म्हणजे दोन सेकंदांत तो क्षणभर उठला, ४.३नं धावला आणि परत झोपला. त्या क्षणी कॅमेरा त्याच्यावर होता.

त्याच प्रोग्रॅमात एक ‘कमाल’ नावाचा रकाना आहे. त्यात सहाही कोअरपुढे ४.६ लिहिलेलं होतं. म्हणजे प्रत्येक जण कधी ना कधी एकटा पडला होता आणि पूर्ण वेगानं पळाला होता. माझं लक्ष नसताना.

भाच्याच्या स्वत:च्या पीसीत इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीचा रायझन ९ ५९००एक्स आहे, २०२०च्या शेवटी आलेला, बारा कोअरचा, ३.७ मूळ आणि ४.८ बूस्ट, म्हणजे कमाल. त्याच्याकडे माझ्यासारखं ठोकळ कोष्टक नाही. त्याचा कारकून तापमान, वीज, विद्युतप्रवाह हे सगळं सतत बघत २५-२५ मेगाहर्ट्झच्या बारीक पायऱ्यांनी चढतो-उतरतो. कोअर वाढत गेले की वेग एकदम पायरीनं न पडता उतारावरून घसरतो. पण खरी गोष्ट दुसरीच आहे. त्याच्या खिडकीत काही कोअरपुढे चांदणी आहे.

कारण कोअर सारखे नसतातच. आराखडा एकच, कारखाना एकच, तुकडासुद्धा एकच, तरी काही नॅनोमीटरचे अवयव घडवताना इथे एखादा पातळ, तिथे जाड होतोच. त्यामुळे एक कोअर कमी व्होल्टेजवर सहज पळतो आणि शेजारच्याला त्याच वेगासाठी जास्त पाजावं लागतं. कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येकाची परीक्षा होते आणि निकाल चिपमध्येच नोंदवून ठेवतात. इंटेलनं २०१६ साली काही प्रोसेसरमध्ये यातला सर्वोत्तम कोअर हेरून त्याला थोडा जास्त वेग द्यायला सुरुवात केली. आता विंडोजलाही ही गुणपत्रिका दिसते आणि एकट्यानं करायचं काम ते शक्यतो चांदणीवाल्याला देतं. भाच्याच्या बारा कोअरचे सहा-सहाचे दोन तुकडे आहेत. पहिल्यातले चांगले कोअर ४.८च्याही थोडं वर जाऊन येतात, दुसऱ्यातले ४.६च्या आसपास दमतात. आमच्या घरी तो हे अभिमानानं सांगत होता आणि माझी बहीण, म्हणजे त्याची आई, म्हणाली, “दोन मुलं वाढवली मी, मला नको सांगूस.”

छापलेल्या वेगावरून माझ्यासारखे भांडणारे जगभर आहेत. २०१९च्या जुलैमध्ये रायझनची तिसरी पिढी आली तेव्हा कित्येकांना खोक्यावरचा बूस्ट एकाही कोअरवर, एका क्षणालाही दिसेना. सप्टेंबरात एएमडीनं मान्य केलं की फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपला चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, दोष आहे, आणि दुरुस्ती दिली. तिनं मिळणार होते २५ ते ५० मेगाहर्ट्झ. २५ म्हणजे ४.६ गिगाहर्ट्झचा जेमतेम अर्धा टक्का. स्टॉपवॉच लावूनही कळणार नाही इतकं. लोक हसले, एवढ्यासाठी एवढा गोंधळ! मला हसू आलं नाही. छापलं आहे ते एकदा तरी दिसावं, इतकंच तर म्हणणं होतं.

हल्लीच्या प्रोसेसरांत आणखी गुंता आहे. २०२१च्या इंटेल आय-९ १२९००केमध्ये आठ मोठे कोअर आणि आठ छोटे. मोठे ५.२ पर्यंत, छोटे ३.९ पर्यंत, म्हणजे ‘या प्रोसेसरचा वेग किती’ हा प्रश्नच निकालात निघाला. पण त्या पिढीपासून इंटेल एक चांगली गोष्ट करू लागलं. मूळ वीज १२५ वॅट आणि टर्बोतली, म्हणजे जोरात पळतानाची, २४१ वॅट, असे दोन्ही आकडे माहितीपत्रकात उघड दिले. नळाची धारही आणि तांब्याही.

यात माझ्या धंद्याचं काय, तर टाइमलाइनवर क्लिप मागेपुढे करताना, एखादं शीर्षक फिरवताना, बराचसा भार एकाच थ्रेडवर असतो. तिथे तो एकट्याचा वेग खरंच कामाला येतो. पडदा अडखळला नाही की नवरीच्या एंट्रीवर गाण्याचा ठेका बरोबर बसवता येतो. एक्सपोर्टला मात्र सहा जण ३.७नं, ढोबळ बेरीज २२.२, आणि एकटा ४.६. अर्थात बेरीज इतकी सरळ कधीच लागत नाही. जो भाग वाटून देता येत नाही तो बाकीच्यांना थांबवून ठेवतो, हे संगणकांचे आराखडे करणारे जीन अमडाल यांनी १९६७ सालीच सांगून ठेवलं आहे. मंगलाष्टकं संपल्याशिवाय पंगत बसत नाही, वाढपी कितीही असले तरी.

यंदा मे महिन्यात मी एकदाचं कॅबिनेट उघडलं. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा अख्खा नमदा बसला होता. आकडे ३.७च्याही खाली जात होते ते याच्यामुळे. १०० अंशांची मर्यादा आली की कारकून धार, रांजण काही बघत नाही, थेट लगाम खेचतो. ब्रशनं सगळं साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. खिडकीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर येत होता, तोही बाजूला वळवला. गार हवा ठीक, पण ती ओली असते आणि मदरबोर्डाला ओल मानवत नाही. वरच्या नेमून दिलेल्या ६५ वॅटला मी हात लावला नाही. भाचा म्हणत होता, मोठा टॉवर कूलर घ्या आणि मर्यादा वाढवा, पण बोर्ड स्वस्तातला आहे, त्याच्या जिवावर नको.

आणि दुपारी दोनला रेंडर लावण्याऐवजी रात्री अकराला लावला. बाहेर तरी बत्तीस होतेच. आकडे ४.३ला गेले, अर्धा मिनिट थांबले, ३.८वर येऊन बसले आणि तिथेच राहिले. एका दशांशाची कमाई. वरात संपली, सप्तपदी झाली, पाठवणीत नवरीचे काका हुंदके देत होते. फोनवर हेच गृहस्थ किती वेगळे वाटतात, असं मनात आलं.

पावणेबाराला पट्टी शंभरला टेकली. सहाही आकडे एकदम शांत झाले. फाइल बांधून ठेवायचं शेवटचं काम एकच जण करत असावा, कारण चौथ्या ओळीत ४.६ उमटले. मी बायकोला हाक मारली, “अगं, बघ बघ.” ती झोपेतून अर्धवट वळली.

“काय?”

तोवर तिथे ०.८ होते.